नमुना

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे काका सकाळी जिन्यात भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतात, "आज तिथी काय?" सिद्धिविनायकाच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसानं तिथी विचारली तर कुणाला काही वाटायचं कारण नाही. नवीन बिऱ्हाडांना तर काका फार धार्मिक वाटतात. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेनं एकदा एकादशीला त्यांना वाटीभर साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. काकांनी खिचडी संपवली, वाटी धुऊन परत केली आणि म्हणाले, "बरी आठवण केलीत. एकादशी म्हणजे सव्वाआठ."

हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साधारण किती वाजता येणार ते कळतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. वरळी कोळीवाड्यात हे गणित शिकवावं लागत नाही. काकांकडं भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही आहे, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा सूक्ष्मदर्शकाखाली हरवलेला असतो.

चतुर्थीची भरती तीनला. त्यामुळं संकष्टीला, त्यातून अंगारकी असली की, अख्खी मुंबई देवळाकडं निघालेली असते आणि काका पावणेतीनला दोर बांधलेली बादली घेऊन बरोबर उलट, चौपाटीकडं. रांग सांभाळणाऱ्या एका पोरानं परतताना विचारलं, "काका, तीर्थ का?"

"हो," काका म्हणाले, "पण पिऊ नका."

त्या बादलीत काकांचं आयुष्य गेलं. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांवर त्यांनी एका प्रयोगशाळेत नोकरी संपेपर्यंत काम केलं आणि नोकरी संपल्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही. पाणी बारीक जाळीतून गाळायचं, त्यात आयोडीनचं द्रावण टाकायचं, बाटलीवर तारीख, वेळ, क्षारता लिहायची. आयोडीननं पाणी चहाच्या रंगाचं होतं. काकूंनी म्हणूनच घरात नियम केलाय, की पाहुण्यानं फ्रीजमधलं काहीही स्वतःच्या हातानं घ्यायचं नाही. मग मोजणी. त्यासाठी काचेची एक पट्टी असते, पन्नास मिलिमीटर लांब, वीस रुंद, एक खोल. तीत बरोबर एक मिलिलिटर पाणी मावतं आणि तळावर 1000 चौकोन आखलेले असतात. गॅलरीत, जिथं इतरांचं वॉशिंग मशीन असतं, तिथं बसून काका ते चौकोन एकेक करून बघतात. कुणी हाक मारली तर डावा हात वर करतात. त्याचा अर्थ, "चारशे बारा, बोलू नका."

संशोधक म्हटलं की लोकांना शोध लावणारा माणूस वाटतो. प्रत्यक्षात बहुसंख्य संशोधक मोजणारे असतात आणि मोजणाऱ्या माणसाची एक खोड असते. काकांची खोड एका वाक्यात मावते. "एका नमुन्यावरून सांगता येत नाही." कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव कसा वाटला, नवा सेक्रेटरी कसा आहे, यंदा पाऊस बरा होईल का, सगळ्याला हेच उत्तर. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा इमारतीच्या ग्रुपवर तासाभरात सहा कारणं आली. काकांनी लिहिलं, "फोटोवरून सांगता येत नाही." पुढं पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून खारप्रेमी सूक्ष्मजीवांकडं बोट दाखवलं, तेव्हा ग्रुपवर कुणालाच लोणार आठवत नव्हतं. काकांनी तो अहवाल तिथं टाकला. त्याला एकच अंगठा मिळाला, काकूंचा.

काकू या खोडीच्या सगळ्यात जुन्या साक्षीदार. आपल्या किनाऱ्यावरचं समुद्राचं वर्ष तीन ऋतूंत मोजायची पद्धत आहे, मान्सूनपूर्व, मान्सून आणि मान्सूनोत्तर. "मला बघायला हे तीनदा आले," काकू सांगतात. "मेमध्ये, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. आमच्या बाबांना वाटलं, हुंड्यावरून अडलंय."

काकांचं खरं प्रेम डायटमवर. एका पेशीचं हे शैवाल, पण घर काचेचं, म्हणजे सिलिकाचं, आणि त्याचे दोन भाग, पेढ्यांच्या डब्यासारखे, एक झाकण आणि त्यात बसणारा तळ. पेशी दुभंगते तेव्हा एका लेकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ. दोघीही मिळालेला भाग झाकण मानतात आणि आत नवा तळ घडवतात. म्हणजे जिच्या वाट्याला तळ आला, तिचा डबा आईच्या डब्याहून लहान. असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं, डबे लहान लहान होत जातात आणि पार चिमुकले झाले की ती पेशी काचेचं घर टाकून देते, फुगते आणि पुन्हा पूर्ण मापाचं घर बांधते.

हे सगळं काकांनी सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत सांगितलं. विषय कार्पेट एरियाचा होता. सभेत पूर्ण शांतता. मग तळमजल्यावरच्या गृहस्थांनी हात वर केला. "याला एफएसआय किती लागतो?"

पावसाळ्यात काकांना भेटावं. जूननंतर मिठी नदी माहीमच्या खाडीत काय काय आणून ओतते ते सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्र तपकिरी होतो, चौपाटीवर नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहवत नाही. काका तिथं छाती भरून उभे. "काय पोषक पाणी आहे!" नद्या-नाल्यांच्या पाण्यातून सिलिका येते, सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि डायटमना तिन्ही लागतात. पण सांडपाणी वाढत गेलं आणि सिलिका तेवढीच राहिली, की डायटमचं बांधकाम अडतं आणि काचेची गरज नसलेली दुसरी मंडळी जागा घेतात. हे सांगताना मात्र काकांचा चेहरा उतरतो.

एकदा पाण्याचा गढूळपणा मोजायला त्यांनी काकूंचं स्टीलचं ताट पांढरं रंगवलं. 1865 साली सेकी नावाच्या इटालियन पाद्र्यानं पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठं दिसेनाशी होते ते बघितलं होतं. भूमध्य समुद्रातली तबकडी खोलवर दिसत राहते. प्रभादेवीत ताट ओंजळभर पाण्यात गेलं न गेलं तोच दिसेनासं झालं आणि दोराची गाठ सुटल्यामुळं पुन्हा दिसलंच नाही. काकूंनी त्या पाद्र्याला तेव्हा दिलेली विशेषणं इथं छापता येणार नाहीत.

चौपाटीवर सकाळी प्राणायाम करणारा एक गट असतो. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास अर्धं समुद्रात होतं, हे काकांनी त्यांना सांगितलं. गट खूश झाला. एका आजोबांनी घोषणाच केली, की डावी नाकपुडी झाडांची आणि उजवी काकांची. तिथं काकांनी थांबायला हवं होतं. पण ते म्हणाले, "मात्र त्यातला बहुतेक प्राणवायू समुद्रातच वापरला जातो, तुमच्यापर्यंत येत नाही." तेव्हापासून गट दोन्ही नाकपुड्या झाडांच्याच धरतो.

आनंदावर विरजण घालायची ही कला त्यांनी 2020 च्या नोव्हेंबरात शिखराला नेली. कोकणात ठिकठिकाणी आणि इकडं जुहूला रात्री लाटा निळ्या चमकू लागल्या. व्हिडिओ फिरले. इमारतीला अचानक साक्षात्कार झाला, की आपल्याकडं या विषयातला माणूस आहे. मास्क लावून आठ-दहा जण काकांच्या दारात. सेक्रेटरींनी आवाज चढवून विचारलं, "काका, हे तुमचंच ना?"

"नाही," काका म्हणाले. "ही नॉक्टिल्युका. माझे डायटम खाते ती."

मग दारातच व्याख्यान झालं. नॉक्टिल्युका एकपेशीच, पण चांगली मोठी, अर्ध्या-एक मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांनी दिसेल अशी. आपल्याला डिवचलं की ती चमकते. स्वतः अन्न तयार करत नाही. उत्तर अरबी समुद्रात तिचा एक हिरवा प्रकार आहे, तो पोटात जिवंत शैवालांचं कूळ ठेवतो. तिथं हिवाळ्यात पूर्वी डायटमचं राज्य होतं, आता तिनं ते बळकावलंय. पाण्यातला प्राणवायू घटणं हे त्यामागचं कारण असल्याचं, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत घडलेल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी सहकाऱ्यांसह 2014 मध्ये मांडलं. "तुम्ही ज्याला सुंदर म्हणताय," काका म्हणाले, "ते अतिक्रमण आहे."

लोक हळूहळू पांगले. जुहूला शेवटी काका आणि मी असे दोघंच गेलो. पोरं पाण्यात नाचत होती, मोबाइल उंचावले होते. काका गुडघाभर पाण्यात उतरले, बाटली भरली, वेळ लिहिली आणि म्हणाले, "चला."

बसमध्ये दिवे लख्ख. काकांनी बाटली कापडी पिशवीत ठेवली आणि स्वतःचं डोकंही पिशवीत घातलं. खड्डा आला की बाटली हिंदकळायची आणि पिशवीतून "अहाहा!" असा आवाज यायचा. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा त्यानं मला हळूच विचारलं, "काकांना मळमळतंय का? खिडकीजवळ बसवा." मी काही बोलायच्या आत मोठा खड्डा आला, पिशवीतून त्याहून मोठी दाद आली आणि कंडक्टर चार सीट मागं सरकला.

घरी आल्यावर काकूंनी पाय धुवायला पाणी दिलं. "एवढं जुहूपर्यंत गेलात, दिसलं का नीट?"

"जुहूला ठीक होतं," काका म्हणाले. "माहीमच्या रस्त्यावर फार छान दिसलं."