लाकडाचे निकाल

हौशी बेस गिटारवादकांत लाकडावरून जितके वाद होतात तितके सुरांवरून होत नाहीत. अल्डर की ॲश, मेपल की रोझवूड, पाचवी तार हवी की नको. एकेका मताला खंडपीठाच्या निकालाचा रुबाब. ही सारी चिकित्सा ज्या खर्जासाठी, तो मात्र बहुतेक श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. मोबाइलचा चिमुकला स्पीकर त्या वाटेला जात नाही. तो वरचे स्वयंभू स्वर तेवढे ऐकवतो आणि मूळ स्वर ऐकणाऱ्याचा मेंदू अंदाजाने भरून काढतो. म्हणजे लाखभराचं वाद्य श्रोत्याच्या डोक्यात फुकट तयार होतं, आणि तिथे ते अल्डरचं आहे की आंब्याच्या फळीचं, कोण विचारतो?

जुने ट्रान्झिस्टर तरी कुठे मोठे होते, असं कुणी म्हणेल. नव्हतेच. तरी मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला बेसवादक जेम्स जेमर्सन त्यांवरूनही ऐकू आला. तोही 1962च्या फेंडर प्रिसिजनवर, वर्षानुवर्षं न बदललेल्या तारांवर, उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने. पण यात लाकडाची वकिली कुठे आहे? तो पोहोचला त्याच्या चालींमुळे. हेडफोनवाले ‘बेस बूस्ट’कडे बोट दाखवतील, त्यात बहुधा ड्रमचा धबडगाच फुगतो आणि बेसवादक त्याखाली आणखी दबतो. तरीही पुढची खरेदी ठरलेली आहे: या खेपेला रोझवूड, बिनव्याजी हप्त्यांवर.