जर्मन गाडी, मुक्काम दिवा

दिव्याच्या माणसाला बिघाड नवा नाही. लोकलचा सिग्नल जातो, ओव्हरहेड वायर तुटते, पेंटोग्राफ अडकतो. तो घरी ‘उशीर होईल’ एवढं कळवतो आणि फलाटावर उभा राहतो. अशा गावात आमच्या साडूंनी सेकंडहँड जर्मन गाडी आणली, नव्या इनोव्हाच्या पैशांत. साडू दिवा पूर्वेला फ्लॅटची दलाली करतात. “गिऱ्हाईक आधी गाडी बघतं, मग फ्लॅट,” हा त्यांचा सिद्धान्त.

पहिल्याच पावसात, रिक्षा ठसकत का होईना पार होत होत्या त्या पाण्यात, गाडी बंद पडली. वर एअर सस्पेन्शनची हवा गेली आणि ती मागून अशी बसली, की पंगतीत हिचंच पान वाढायचं राहिलंय. साडू स्टार्टर मारत राहिले. बुडालेलं इंजिन असं फिरवलं की सिलिंडरमध्ये पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात हे सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्टची पुरवणी लागते. साडूंनी त्या पैशांत स्पीकर बसवले होते. ते शेवटपर्यंत उत्तम वाजत होते.

सर्व्हिस सेंटरची अदब मात्र अशी, की रागवायचीच चोरी. कॉफी आली, बिस्किटं आली, पोचल्यापोचल्या ‘दहापैकी किती गुण द्याल?’ हेही आलं. गाडी तेवढी येईना.

मी धीर द्यायला दाखला काढला. हैदराबादच्या एका कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये बीएमडब्ल्यू घेतली, चार दिवसांत बिघाड निघाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०२४ मध्ये ५० लाखांची भरपाई ठरली.

साडूंनी बोटं मोजली. “पंधरा वर्षं? अहो, तेवढ्यात दिव्याला फास्ट थांबायला लागली!”

खरंच की. २०१६ च्या डिसेंबरात. त्याच्या आदल्या वर्षी गाड्यांच्या खोळंब्याला वैतागून लोक रुळांवर उतरले होते; जर्मन गाडीपुढे कोण आडवा पडणार?

अखेर फोन आला. “सर, पार्ट जर्मनीहून निघालाय. न्हावाशेव्याला उतरेल.”

साडू ताठ बसले. “तिथले कंटेनर आमच्या दिव्यावरूनच तर जातात. इथेच सोडा. रविवारी मेगाब्लॉक आहे, गाडी तशीही थांबणारच.”

पलीकडे क्षणभर कळफलक वाजला. “शुअर सर. तसा एक मेल टाकून ठेवा.”