बाळराजांसाठी पलंग

मूल चार वर्षांचं झालं की त्याला वेगळी खोली आणि वेगळा पलंग हवा, हे आता सुशिक्षित घरांत ठरूनच गेलंय. मुलाचं मत विचारू नये. शाळा निवडताना तरी कुठे विचारलं होतं?

तर पालकहो, आधी खोली मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात दोन खोल्या असल्या तर एक निदान 9.5 चौरस मीटरची लागते, दुसरी मात्र 7.5 चौरस मीटरची आणि 2.1 मीटर रुंदीची असली तरी चालते. ही दुसरी ती मुलाची. 2.1 मीटर म्हणजे जेमतेम सात फूट. दोन फूट कपाटाने खाल्ले, तीन पलंगाने. उरलेल्या दोन फुटांत कपाटाचं दार उघडायचं की पलंगाखालचा ड्रॉवर, याचा निर्णय रोज सकाळी एकमताने घ्यावा. सॅम्पल फ्लॅटमध्ये हा प्रश्न आला नव्हता, कारण तिथे पलंग पाच फुटी होता आणि कपाटाला दारच नव्हतं. शिवाय आतल्या भिंतींची जाडी कार्पेट एरियात धरायला रेराच्या कायद्याने मुभा आहे. म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या जागेत थोडी भिंतही आहे. तिच्यावर झोपता येत नाही, एवढंच.

आता आकार. मुलग्यासाठी लाल रेसिंग कार, मुलीसाठी गुलाबी राजवाडा. याहून वेगळी कल्पना लढवणाऱ्या पालकांना दुकानदार ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि परत फोन करत नाही. गाडी घ्याच. पार्किंगची हमी असलेली पुण्यातली ही एकमेव गाडी. मूल सातवीत जाईपर्यंत त्याचे पाय बॉनेटवर येतील, पण तोवर हप्ते फिटलेले असतात.

थोडी ऐपत असेल तर बंक बेड. मूल एकुलतं एक असलं तरी हरकत नाही. वरचा एफएसआय शिल्लक असताना तो वापरायचा नाही, हे आपल्या संस्कारांत बसत नाही. अमेरिकेतली ग्राहक सुरक्षा यंत्रणा सांगते की सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या मजल्यावर झोपवू नये, आणि कठडा गादीच्या वर निदान पाच इंच असावा. कारखान्यातून कठडा तसा बरोबर येतो. मग आजी येतात. ‘पोराच्या पाठीला काही नको का?’ म्हणून त्या आठ इंची ऑर्थोपेडिक गादी घ्यायला लावतात. नातवाची पाठ ठणठणीत असते, दुखत असते ती आजींची. गादी चढते, कठडा बुडतो, आणि सहा वर्षांचा नातू उशाला हात टेकून सरळ हवेत पाहू लागतो.

त्या हवेत पंखा असतो. छत नऊ फुटांवर, पंख्याची पाती साधारण आठ फुटांवर. वरच्या बंकवर मूल उठून बसलं की त्याचं डोकंही तिथेच पोचतं. हे गणित बसवणीच्या दिवशी, सुतार पान्याने शेवटचा बोल्ट आवळत असताना लक्षात येतं. मग पंखा काढून एसी लावतात. एसीसाठी वायरिंग बदलतात, वायरिंगसाठी भिंत फोडतात, भिंतीसाठी रंगारी बोलावतात. पाहुण्यांना मात्र सांगतात, ‘पलंग अगदी स्वस्तात पडला.’

पलंगाचं पोट हायड्रॉलिकच हवं. त्यात आहेरातल्या न वापरलेल्या चादरी, बिघडलेला पण ‘दुरुस्त होईल’ असा मिक्सर, गणपतीचं मखर आणि काकूंची बॅग मावते. मुलाची वस्तू त्यात एकही नसते.

अभ्यासू घरांसाठी वर झोप आणि खाली टेबल, अशी सोय मिळते. तीत वरून खाली यायला शिडी असते. खालून वर जायला आईची परवानगी लागते.

राहता राहिली झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असं अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर म्हणतात. मुलांची झोप होत नाही हे डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनीही बोलून दाखवलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला. त्यावर व्हॅनवाले काकांचं वेळापत्रक होतं, बसच्या फेऱ्या होत्या, दुपारच्या वर्गांना त्याच खोल्या लागत होत्या. मूल अजूनही साडेसहाला खाली उभं असतं आणि रात्री साडेदहाला गृहपाठ संपवतं. मधल्या तासांत ते आईबाबांच्या मध्ये आडवं झोपतं. बाबा लाल रेसिंग कारमध्ये पाय मुडपून घोरत असतात.

दोनेक वर्षांनी सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर टाकावा: ‘लहान मुलाचा पलंग विकणे आहे. मुलाने अजिबात वापरलेला नाही. आठ इंची गादी फुकट. स्वतः खोलून न्यावा, लिफ्टमध्ये मावत नाही.’