बिनआकडी डाळिंबाचं काय करावं? (नवशिक्यांसाठी)

साहित्य: सांगोल्याकडची भगव्याची बाग, फवारणीचं एक औषध आणि प्रयोगशाळेचा अहवाल. तेल्या रोग पडला की स्ट्रेप्टोसायक्लिन मारत आलेल्या भागात औषधाची वानवा नाही.

समजा, फवारणीच्या दिवशी फळात किलोमागे ०.६४ मिलिग्रॅम औषध सापडलं आणि दर चार दिवसांनी ते निम्मं होतं. चोविसाव्या दिवशी ०.०१ उरेल. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला हीच मर्यादा लागते. तुमच्या यंत्राची मोजण्याची हद्दही नेमकी इथेच. त्या दिवशी तीन नमुने दिलेत. एकाचा आकडा आला ०.०१३; बाकी दोहोंपुढे नुसतं 'बीएलक्यू', म्हणजे हद्दीच्या खाली.

आता कृती. ते दोन नमुने सरळ वगळा. तक्ता देखणा होतो. मात्र उरलेला एकटा ०.०१३ औषध घटण्याच्या रेषेचं शेपूट वर उचलतो, औषध रेंगाळल्यासारखं दिसतं आणि बागायतदाराची तोडणी उगाच लांबते. लांबू द्या, बाग तुमची नाही.

शून्य लिहिलंत तर व्यापारी खूश. पण रेषा सरळ यायला लॉगॅरिदम घ्यावा लागतो आणि शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही. मग हद्दीच्या निम्मे घाला, ०.००५. ही पद्धत सर्वांत लाडकी, कारण न मोजताही मोजल्याचं समाधान मिळतं. अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या दिवशीही तेच ०.००५ लिहीत चला. तुमच्या तक्त्यात औषध अमर होईल.

ट्रकच्या वजनकाट्यावर लिंबू ठेवलं तर काटा हलत नाही. म्हणून लिंबू नाहीसं होत नाही, त्याचं वजन अर्ध्या खुणेइतकंही ठरत नाही. संख्याशास्त्रज्ञ स्टुअर्ट बील यांनी २००१ साली रोग्यांच्या रक्तातल्या औषधाबाबत हाच घोळ सात पद्धतींत मांडला. टाकून देण्याची पद्धत त्यांच्याकडेही पहिलीच, एम-१. कामाची आहे एम-३. तीत बीएलक्यूला आकडा देतच नाहीत. अमुक रेषा खरी मानली तर हा नमुना ०.०१ च्या खाली येण्याची शक्यता किती, एवढंच काढतात आणि मोजलेल्या नमुन्यांच्या हिशेबात तिचा गुणाकार करतात. हा गुणाकार जिथे सर्वांत मोठा, ती रेषा घ्यायची.

बहुतेक नमुने बीएलक्यूच असतील तर एम-३ चाही इलाज चालत नाही. पहिल्या पंधरवड्यात नमुन्यांसाठी जास्त फळं तोडायला हवी होती. आणि अहवालात हद्दीचा आकडाच छापलेला नसेल, तर तो आधी प्रयोगशाळेकडून लेखी मागून घ्या.