चवीपुरते

दिल्लीच्या करोल बागेत मराठी माणूस मुख्यतः दोन गोष्टी वितळवतो: सोने आणि गूळ. पहिल्याचे शास्त्र पक्के झाले आहे, दुसऱ्याचे घरोघरी वेगळे आहे. बीडनपुरा, रेगरपुरा आणि बँक स्ट्रीटच्या सराफी वस्तीत गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करणारी बरीच कुटुंबे सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून आलेली आहेत. खाली भट्टी आणि वर स्वयंपाकघर अशी मांडणी असली, की मापनाच्या दोन पद्धती एकाच जिन्याने जोडल्या जातात.

खालच्या पद्धतीत संशयाला जागा नाही. काटा मिलिग्रॅममध्ये बोलतो. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. जानेवारीतही तेवढ्यालाच आणि मालकाचा मूड बिघडला तरी तेवढ्यालाच. मुशीत टाकणखार पडतो, नायट्रिक आम्ल चांदी आणि तांबे विरघळवून बाजूला काढते. हजारात ९१६ भाग सोने भरले तर ते बावीस कॅरट, एखादा भाग कमी पडला तर भांडण. सराफांच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा फुकट जात नाही, तीतूनही कण वेगळे काढले जातात. हे कसब खालच्या मजल्यापुरतेच असते. धुळीतून सोने काढणाऱ्याला वर गेल्यावर फडताळातला हिंग सापडत नाही.

वरच्या पद्धतीची मापे अशी: चिमूट, मूठ, पसा, बोटभर, नखभर, बेताचे आणि चवीपुरते. भाताला तांदळाच्या वर बोटाचे एक पेर पाणी लागते. बोट कोणाचे, हे सांगण्याची पद्धत नाही. काळाचे माप शिट्टी आहे. डाळीला तीन, हरभऱ्याला पाच, आणि मोजणारा मधेच फोनवर बोलत असेल तर लागतील तितक्या. ‘बेताचे’ हे या कोष्टकातले सर्वांत मोठे परिमाण होय, कारण त्यात काहीही मावते.

या पद्धतीला छापील शिस्त लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली. पुढे १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने शेर आणि छटाक निवृत्त झाले. तोळा मात्र सराफांनी सोडला नाही. दहा ग्रॅमचा करून कामावर ठेवला. स्वयंपाकघराच्या वाट्याला कमलाबाई ओगल्यांची वाटी आली. त्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघर पोचवले, आणि ज्यांना ‘अंदाजाने घाल’ एवढेच सांगणारी सासू लाभली होती, त्या सुनांची पिढीच्या पिढी तरली. कमलाबाई मूळच्या कुंडलच्या, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्याच. सोन्याचा काटा आणि पिठाची वाटी या दोन्ही शिस्ती अशा रीतीने एकाच जिल्ह्याच्या खात्यावर जमा आहेत.

वाटीत एकच उणीव राहिली. ती स्टीलची असते आणि आहेरात येते. एका संसारात पाच लग्नांच्या, तीन बारशांच्या आणि एका निवृत्ती समारंभाच्या वाट्या साठलेल्या असतात. त्यांतल्या दोन सारख्या निघाल्या तर तो योगायोग मानावा. म्हणून पाककृती लिहिणाऱ्याला वाचकाचा पहिला प्रश्न येतो तो असा: ‘तुमची वाटी केवढी?’ अनुभवी लेखक ‘मध्यम’ असे उत्तर देतो. वाचकाचे समाधान होते, कारण प्रत्येकाची आपली वाटी मध्यमच असते.

दुसरी अडचण हवामानाची. मराठी पाककृती लिहिताना पुणे-सांगलीची हवा गृहीत धरलेली असते. ‘पीठ रात्रभर झाकून ठेवावे’ हे वाक्य तिकडे बिनधोक आहे. दिल्लीत जानेवारीची रात्र चांगली लांबलचक असूनही इडलीचे पीठ सकाळी होते तिथेच असते. दह्याचे पातेले शालीत गुंडाळतात. घरातल्या धाकट्याला त्या दिवशी शाल मिळत नाही. मे महिन्यात तेच पीठ सकाळी भिजवले तर दुपारी आंबून झाकण उचलते. त्यामुळे करोल बागेच्या आवृत्तीत ‘रात्रभर’ या शब्दाखाली महिना लिहावा लागतो.

तिसरी अडचण भाकरीची. शाळूचे पीठ गावाकडून येते. गोवा एक्सप्रेसला मिरजेत चढलेली पिशवी निजामुद्दीनला उतरते. तिच्यात कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि ‘तिकडे काही मिळत नाही’ ही समजूतही बांधलेली असते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरी कडेने फाटते. उपाय सोपा आहे: कढत पाणी घालून पीठ मळावे. पाणी किती, याचे उत्तर वर आलेच आहे: बेताचे.

चौथी अडचण वासाची. पाककृतीलेखक भाजणीची खूण ‘खमंग वास सुटेपर्यंत’ अशी देतात. दुर्गा भागवतांनी तर आपल्या पाककृतींच्या पुस्तकाचे नावच ‘खमंग’ ठेवले. करोल बागेच्या गल्ल्यांत चार खिडक्या समोरासमोर उघडतात. एकीतून छोल्यांचा, दुसरीतून देशी तुपाचा, तिसरीतून मोहरीच्या तेलाचा वास येतो आणि खालून भट्टीचा धूर. अशा ठिकाणी आपले खोबरे खमंग झाले, की शेजारच्यांचे जिरे, हे करपल्यावरच कळते.

या सर्व अडचणींतून पाककृती बाहेर पडली की ती वाचकाच्या हाती येते. वाचकांचे तीन वर्ग आहेत. पहिला सांगितले तेवढेच करतो. पदार्थ बिघडला तर त्याच्याजवळ छापील पुरावा असतो, म्हणून लेखक याच वर्गाला सर्वांत जास्त घाबरतो. दुसरा वर्ग आमसुलाऐवजी आमचूर, गुळाऐवजी साखर आणि झुणक्यात पनीर घालतो, नंतर चव लागली नाही म्हणून कळवतो. शेजारच्या पंजाबी घरांत पाककृती पोचली की तिच्यात गरम मसाल्याचीही भर पडते; पदार्थ चांगला होतो, फक्त त्याला झुणका म्हणता येत नाही. तिसरा वर्ग काहीच करून पाहत नाही. तो वाचतो आणि ‘आमच्याकडे असे नसते’ एवढे कळवतो. लेखकाला सर्वांत जास्त पत्रे याच वर्गाची येतात आणि नव्या पाककृतीही त्यांतूनच मिळतात, कारण ‘मग कसे असते?’ असे विचारले की चार पाने उत्तर येते.

उरला प्रश्न शुद्धतेचा. सोन्यावर हॉलमार्क उमटतो, आमटीवर उमटवायची सोय नाही. तिची कसोटी पहिल्या घासाला लागते आणि निकाल पंक्तीतच जाहीर होतो. तो मान्य नसेल तर खानापूरकडच्या आजीकडे फोनवरून अपील करता येते. आजीने आमटी पाहिलेली नसते, चाखलेली नसते. तरी तिचा निर्णय दर वेळी एकच येतो: मीठ कमी पडलंय.