कळवणला कुणी विचारलं होतं?

ब्रिटनच्या लोकांना निदान विचारलं तरी होतं. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर मतदान झालं आणि ५२ विरुद्ध ४८ असा कौल आला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. सामायिक बाजारपेठेचं दार खऱ्या अर्थानं बंद झालं ते त्या वर्षाच्या अखेरीस. म्हणजे साडेचार वर्षं मिळाली. व्यापाऱ्याला कागदपत्रं बदलायला, कारखानदाराला माल दुसरीकडून मागवायला, शेतकऱ्याला मजुरांची सोय बघायला एवढा अवधी होता. तरीही ओढाताण टळली नाही.

जानेवारी २०२१ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या दुकानांत भाजी-फळांचे कप्पे रिकामे दिसू लागले. कालपर्यंत सहज येणाऱ्या मालाला आता तपासणी आणि फॉर्म लागत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, टँकर चालवायला ड्रायव्हर मिळेनात, आणि ऑक्टोबरात लष्कराच्या जवानांना स्टिअरिंगवर बसावं लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर टेस्को, अस्डा, मॉरिसन्स अशा बड्या दुकानांनी टोमॅटो-काकडीवर बंधन घातलं: एका गिऱ्हाइकाला दोन किंवा तीनच नग. सगळं खापर बाहेर पडण्यावर फोडणं बरोबर नाही. कोविड होता, स्पेन-मोरोक्कोत हवामान बिघडलं होतं, गॅस महागल्यानं ब्रिटनमधली काचघरं रिकामी पडली होती. पण त्याच दिवसांत युरोपातल्या दुकानांत टोमॅटो दिसत होता, हेही ब्रिटिश गिऱ्हाइकांनी पाहिलं. यूगव्हच्या सर्वेक्षणांत गेली काही वर्षं निम्म्याहून अधिक लोक सांगताहेत, बाहेर पडलो ते चुकलंच.

त्याच फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. ती बातमी देशभर गाजली. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यात मात्र कुणाला तिचं नवल वाटलं नाही, कारण थोड्याफार फरकानं तशाच हिशोबपट्ट्या इथं घरोघरी होत्या.

कळवण कुठल्या व्यापारगटात नव्हतं, म्हणून कुठल्या गटातून बाहेर पडण्याचा प्रश्नही नव्हता. पण २०१९ पासूनच्या पाच वर्षांत या तालुक्यातला कांदा जगाच्या बाजारातून तीनदा बाहेर काढला गेला. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी झाली, ती मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये ती उठली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून सरसकट बंदी. मतदान नाही, चर्चा नाही, साडेचार वर्षं तर सोडाच, साडेचार दिवसही नाहीत. दिल्लीत रात्री अधिसूचना निघते आणि सकाळी अभोण्याच्या उपबाजारात ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या माणसाला तिची किंमत मोजावी लागते.

लिलाव कसा होतो ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेनं लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. एक जण ट्रॉलीत हात घालून मूठभर कांदे उचलतो, पत्ती चोळून रंग बघतो, मान दाबून बघतो. बोली पुकारली जाते, दोन-चार आकडे वर चढतात आणि संपलं. एका वक्कलाला मिनिटभरही लागत नाही. वर्षभराच्या कष्टाचा भाव त्या मिनिटात ठरतो. नंतर ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथं तळातून खराब माल निघाला की भाव आणखी तोडला जातो. अधिसूचनेच्या दुसऱ्या दिवशी याच रांगेत बोली शेकड्यांनी खाली येते, आणि शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात: मिळेल त्यात द्यायचा, नाहीतर डिझेल जाळून तोच कांदा पुन्हा घरी न्यायचा.

आणि हा कांदा काल-परवाचा नसतो, याचा अधिसूचना काढणाऱ्यांनी कधी विचार केला आहे का? कळवणचं मुख्य पीक उन्हाळ कांदा. त्यासाठी उळं, म्हणजे रोपांचं बी, पडतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लागवड होते डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. वर सप्तशृंगीच्या गडावर चैत्राची यात्रा भरलेली असते, तेव्हा खाली गिरणाकाठच्या शेतांत कांदा पडलेला असतो. मग तो चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाहेर निघतो. चाळीत तो नुसता पडून राहत नाही. वजन घटतं, कोंब येतात, काजळी धरते, पावसाळी हवेत खालचा थर सडतो. सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे सप्टेंबरात विकल्या जाणाऱ्या कांद्यात वर्षभरापूर्वी घेतलेला निर्णय, त्यात घातलेलं भांडवल आणि पोटाला चिमटा घेऊन सोसलेली घट असते. बाजार थोडा चढला की ती घट भरून निघते. नेमका त्याच वेळी सरकारचा हात येतो. ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर. वरच्या तारखा पुन्हा वाचा.

८ डिसेंबरची बंदी आली तेव्हा कळवणमध्ये लागवड सुरू होती. विकत घेतलेलं रोप बांधावर, मजूर वाफ्यात. त्या आठवड्यात पीक बदलता येत नाही. महिनाभरात भाव निम्म्याच्याही खाली आले, आणि लोकांना हे ठाऊक असूनही लावणी पुरी करावी लागली. तीन दिवसांनी, ११ डिसेंबरला, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शरद पवारांच्या उपस्थितीत रास्ता रोको झाला. बंदी हलली नाही.

मग ब्रिटनसारखी टंचाई कुठं झाली? ती सीमेपलीकडे झाली. २०१९ च्या बंदीनंतर ऑक्टोबरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या आणि उद्योजकांच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलं आहे, आणि बंदी घालण्याआधी थोडी सूचना दिली असती तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपल्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाची पंतप्रधान आपल्या दारात येऊन सांगत होती की आम्हाला सांगून तरी बंद करा. नोव्हेंबरात बांगलादेशात कांदा किलोला २५० टकांवर गेला, विमानानं मागवावा लागला. पुढच्याच सप्टेंबरात आपण पुन्हा न सांगता बंदी घातली. बंगालच्या सीमेवर ट्रक अडकले आणि कांदा ट्रकातच सडायला लागला.

असं दोनदा पोळलेलं गिऱ्हाईक काय करतं? दुसरा दुकानदार शोधतं, किंवा घरीच पिकवतं. बांगलादेशानं दोन्ही केलं. तिथलं कांद्याचं क्षेत्र आणि उत्पादन वाढवलं गेलं, आणि २०२५ मध्ये वर्षातला बराच काळ त्यांनी आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून भारतीय कांद्याला दार बंद ठेवलं. आमच्या बंदीच्या काळात आखातात, मलेशियात पाकिस्तानी आणि चिनी कांदा जाऊन बसला. १ एप्रिल २०२५ पासून आपलं निर्यातशुल्क शून्य झालं. दार उघडलं, पण पलीकडे पूर्वीची रांग उरली नव्हती. ब्रिटनमध्येही हेच आहे. बहुसंख्य लोकांचं मत फिरलं, पण फिरलेल्या मतामुळे जुना बाजार, जुने करार आणि जुना भरवसा जसाच्या तसा परत मिळत नाही.

टंचाई आणि मंदी, दोन्ही वेळी राज्यकर्ते काय बोलतात तेही बघण्यासारखं आहे. टोमॅटो मिळेना तेव्हा ब्रिटनच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री थेरेस कॉफी यांनी संसदेत सलगमाचं उदाहरण देऊन हंगामात जे पिकतं ते खावं, असा सूर लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातशुल्काविरोधात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या बंद होत्या, तेव्हा आमच्या शेजारच्या मालेगावचे आमदार आणि तेव्हाचे मंत्री दादा भुसे म्हणाले की परवडत नसेल तर दोन-चार महिने कांदा न खाल्ल्यानं काही बिघडत नाही. तसं असेल, तर ग्राहकासाठी म्हणून कळवणच्या गळ्याला फास कशाला लावता? ज्या वस्तूवाचून दोन-चार महिने अडत नाही, तिच्यासाठी निर्यात रोखायची गरजच काय होती?

कारण जनमत. १९९८ मध्ये कांदा महागला आणि दिल्ली विधानसभा भाजपच्या हातून गेली. तो धडा सगळ्याच पक्षांनी असा पाठ केला की तेव्हापासून शहरातल्या भाजीवाल्याची पाटी हेच त्यांच्या लेखी जनमत झालं. जरा हिशोब करू. चार माणसांच्या घराला महिन्याला पाचेक किलो कांदा लागतो. किलोमागे तीस रुपये वाढले तर महिन्याला दीडशे रुपये. शहरातल्या पगारदार घराला हे जड नाही. ज्यांना जड आहे असे लोक नक्कीच आहेत. सुरगाण्याच्या पाड्यांवरून कळवणला लावणीला येणाऱ्या बाईच्या डब्यातही भाकरीबरोबर कांदाच असतो. तिला स्वस्त कांदा मिळाला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो सरकारी तिजोरीतून द्या, रेशन दुकानातून द्या. तिचा कांदा स्वस्त करण्यासाठी जो दोन एकरवाला तिला मजुरी देतो, त्यालाच बुडवलं तर पुढच्या लावणीला तिला कोण बोलावणार?

शहराच्या जनमताची चाहूल पाटीवरून लागते. कळवणच्या जनमताची लागायला मतपेटी उघडावी लागली. एप्रिल २०२४ च्या अखेरीस, गुजरातमधलं मतदान तोंडावर असताना, तिथल्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची निर्यातपरवानगी निघाली. नाशिकचा लाल-गुलाबी कांदा चाळीत, आणि परवानगी दुसऱ्या रंगाला. त्यानं माणसं पेटली. ४ मे ला बंदी उठली, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे ला, कळवण ज्यात येतं त्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. तिथल्या खासदार भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या, कळवणचे दिवंगत नेते ए. टी. पवार यांच्या सूनबाई. घरची माणसं, ओळखीचं घराणं. विरोधी पक्षाच्या भास्कर भगरे यांनी त्यांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. पक्षफुटीचा राग होता, आरक्षणाचा प्रश्न होता, हे मान्य. पण कांद्यानं नाशिक पट्ट्यात आम्हाला रडवलं, हे निकालानंतर खुद्द तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी कबूल केलं. सप्टेंबरात किमान मूल्य हटलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि नोव्हेंबरात कळवणनं विधानसभेला महायुतीच्या नितीन पवारांना निवडून दिलं. इथला मतदार डोळे मिटून मत देत नाही, एवढं त्यावरून दिल्लीला कळायला हरकत नव्हती.

पण दर पाच वर्षांनी एक मंत्री पाडून आपला बाजार सांभाळायचा, ही काय रीत झाली? २०२३ च्या मंदीनंतर राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, तेही कमाल २०० क्विंटलपर्यंत. ते घेताना कुणाला आनंद झालेला मी पाहिला नाही. लोकांना अनुदान नको आहे, भरवसा हवा आहे. साधी मागणी आहे: पुढच्या उन्हाळ कांद्याचं निर्यातधोरण सप्टेंबर संपण्याआधी, म्हणजे उळं पडण्याआधी, लेखी जाहीर करा. चाळी रिकाम्या होईपर्यंत त्यात एका अक्षराचा बदल करू नका. आणि केलाच, तर आदल्या दिवशीचा भाव आणि दुसऱ्या दिवशीचा भाव यांतला फरक क्विंटलमागे, मर्यादा न घालता, तीस दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा. हे कायद्यात लिहा. ज्या उमेदवाराला हे मान्य नसेल त्यानं कळवण, अभोणा, कनाशीत मत मागायला येताना त्याचं कारणही बरोबर आणावं.