तीनशे चारचं मार्बल

अहो, ऐकलंत का? तीनशे चारवाल्या वहिनींच्या बाथरूमचं? नाही? अख्ख्या बिल्डिंगला कळलं आणि तुम्हीच राहिलात! या जरा इकडे, गॅलरीच्या कडेला.

आपल्या बोअरचं पाणी तर तुम्ही जाणताच. नळावर पांढरी पुटं, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. त्यात यांच्याकडे व्याही यायचे होते. वहिनींनी दारावरच्या अ‍ॅसिडवाल्याकडून बाटली घेतली, लेबल ना काही. मी म्हटलंसुद्धा, "अहो, 2013 पासून सुप्रीम कोर्टाची ताकीद आहे, नोंद केल्याशिवाय अ‍ॅसिड विकायचं नाही." तर मला म्हणतात कशा, "तुम्ही पेपर फार वाचता बाई!" बरं, राहिलं...

तर काय सांगत होते, टाइल्स लखलखीत झाल्या, खोटं कशाला बोलू? पण बेसिनचा कट्टा मार्बलचा ना! त्यावर अ‍ॅसिड पडलं आणि भस्सकन फेस. वहिनी खूश, "बघा, मळ कसा निघतोय!" अहो, मळ कसला, मार्बलच विरघळत होतं! नळावरचा क्षार काय नि मार्बल काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. अ‍ॅसिडला काय कळतंय कुठलं खायचं नि कुठलं सोडायचं? धुऊन बघतात तर चकाकी गेलेली, हाताला खरखरीत. चेहरा असा उतरला म्हणता...

आणि वास जावा म्हणून सूनबाई निघाल्या वरून ब्लीच ओतायला! नशीब, तळमजल्यावरचे केमिस्ट्रीचे सर वासानं वर आले होते. दारातूनच ओरडले, "थांबा! क्लोरीन वायू होईल, जिवावर बेतेल!" सून बाटली धरून तशीच उभी. आधी खिडकी उघडली सरांनी, मग बोलले.

म्हणाले, नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळा, अर्धा तास. मग जुन्या टूथब्रशनं घासा नि भरपूर पाण्यानं धुवा. शॉवरला व्हिनेगर भरलेली पिशवी रबरबँडनं बांधायची. नाहीतर किराण्यातलं लिंबाचं फूल कोमट पाण्यात. रात्रभर मात्र ठेवायचं नाही, नळाचं पॉलिश जातं. समोरच्या ताई मध्येच, "त्यात खायचा सोडा घालू का?" सर म्हणाले, "फेस तेवढा दिसेल, दोघंही एकमेकांचा जोर मारतात." ताई गप्पच झाल्या हो, रील्स बघून त्या कधीच्या तेच करत होत्या!

व्याही आले, कट्ट्याकडे बघून विचारलं, "हे मॅट फिनिश मुद्दाम का?" वहिनी म्हणाल्या, "हो, सध्या तीच फॅशन आहे." मी इकडे पदर तोंडाला लावून...

बरं, तुमच्या बाथरूमचा उंबरठा मार्बलचाच ना? मग व्हिनेगरही तिकडे ओघळू देऊ नका. काम करताना खाली जुना टॉवेल घाला, आणि तीनशे चारमध्ये मी सांगितलं म्हणून बोलू नका हं!